चालती गाडी मधूनच बंद पडते, स्कॅनरवर एकही कोड येत नाही

निळीडिकी

पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअर, इंजेक्शनवाली. गेले बरेच दिवस चालता चालता मधूनच बंद पडते आणि कधी पडेल याचा काही नेम नाही. कधी आठवडाभर एकदम व्यवस्थित चालते, मला वाटायला लागतं की गेलं दुखणं, आणि मग सिग्नलवरून निघताना किंवा मोकळ्या रस्त्यावर चांगल्या स्पीडला असताना अचानक बंद. बाजूला घेऊन सेल्फ मारला तर सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन धरत नाही, आणि थोडा वेळ बोनेट उघडून थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. आत्तापर्यंत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, बॅटरीसुद्धा नवीन टाकली. आता एक जण म्हणतो पेट्रोल पंप टाका, दुसरा म्हणतो ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय. गाडीत मुलं असतात त्यामुळे रोज बाहेर पडताना पोटात गोळा येतो. पार्ट न बदलता दोष नक्की कुठंय हे शोधायची काही रीत आहे का?

पानापेटी

ताई, आधी पार्ट बदलणं थांबवा. गाडी नीट चालू असताना तिच्यात बघायला काही सापडतच नाही, म्हणून गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक दिसतं. खरा पुरावा असतो तो बंद पडतानाच्या दोन सेकंदांत आणि नंतर ती धरत नाही त्या काही मिनिटांत. इंजिनला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि वेळेवर स्पार्क लागतो. बंद पडली त्या क्षणी यातलं काय नव्हतं एवढंच शोधायचंय, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

काही गोष्टी विचारतो, आठवून सांगा. बंद पडताना झटके खात, दम तोडत बंद पडते का चावी फिरवल्यासारखी एका क्षणात? त्या वेळी आरपीएमचा काटा काय करतो? डॅशबोर्डचे दिवे, रेडिओ चालू राहतात का तेही जातात? इंजिन थंड असताना कधी पडलीय का गरम झाल्यावरच? टाकी भरलेली असताना आणि कमी असताना काही फरक? पेट्रोल भरल्यावर लगेच कधी झालंय? एसी लावल्यावर, ब्रेक दाबल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर? आणि चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद घूंऽऽ असा पंपाचा आवाज येतो का?

रात्रपाळी

कारण सापडेल तेव्हा सापडेल, तोपर्यंत हे वाचून ठेवा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, फिरतं पण जोर लावावा लागतो. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरताच असतो, म्हणून ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा. आणि चावी कधीच पूर्ण मागे फिरवायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. क्लच, न्यूट्रल, चारी इंडिकेटर चालू, मग बाजूला. ज्यांची ऑटोमॅटिक आहे त्यांनी चालतीच परत चालू करायची झाली तर एन मध्ये घेऊनच. दोष सापडेपर्यंत मुलांना घेऊन हायवेला जाऊ नका, हे मनापासून सांगतोय.

निळीडिकी

रात्रपाळी, धन्यवाद, चावीचं मला माहीत नव्हतं.

पानापेटी दादा, आठवेल तसं लिहिते. झटके अजिबात नाहीत, एका क्षणात जाते. दिवे, रेडिओ सगळं चालू राहतं. थंड असताना एकदाही नाही, नेहमी गाडी चांगली तापल्यावर. टाकीचा काही संबंध वाटत नाही, भरलेली असतानाही झालंय. एसीचाही नाही. पंपाचा आवाज चावी ऑन केल्यावर येतो, गाडी धरत नाही तेव्हाही आला होता असं वाटतंय पण शपथेवर नाही सांगू शकत, त्या वेळी मागून हॉर्न वाजत असतात. काट्याकडे बघितलेलं नाही.

मोकळारस्ता

माझा अनुभव पंपाचा आहे. गरम झाला की बंद, थंड झाला की चालू, पंपाचं हेच लक्षण. आतल्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की असंच होतं. बंद पडल्यावर कुणाला तरी टाकीच्या खालून रबरी हातोडीने हलके ठोके मारायला सांगायचे आणि सेल्फ मारायचा, चालू झाली तर पंपच. टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जातो कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. मी असतो तर पंप बदलून मोकळा झालो असतो.

पानापेटी

मोकळारस्ता, पंप मी खोडून काढत नाहीये, पण पंप जाताना बहुतेक वेळा सांगून जातो. प्रेशर हळूहळू पडतं, चढाला किंवा ओव्हरटेक करताना गाडी ओढत नाही, रेस दिली तरी दम लागतो, मग बंद. ताईंची गाडी कापल्यासारखी जाते. अशी गाडी मी बघितली की आधी विजेच्या बाजूला जातो, त्यातही पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँकशाफ्टला दातेरी चकती असते, तिच्यात एक-दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, आणि तिच्यापासून जेमतेम एखाद मिलिमीटरवर हा सेन्सर बसवलेला असतो. दात समोरून गेला की सिग्नल, रिकामी जागा आली की ईसीएमला कळतं पिस्टन कुठे आलाय. या एका सिग्नलवर स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही चालतात. सिग्नल गेला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलेलं असतं, मग तो स्पार्क बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि एक-दोन सेकंदात पेट्रोल पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच, तोही सोडतो. अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. इथेच पुष्कळ जण फसतात. बंद गाडीला टेस्ट लॅम्प लावून बघतात, पंपाला करंट नाही, मग पंपाची लाइन नाहीतर पंपच बदलतात. पंप सेन्सरच्या मागून बंद झालेला असतो.

सेन्सरच्या आत केसापेक्षा बारीक तांब्याची गुंडाळी असते, ब्लॉकच्या उष्णतेने ती प्रसरण पावते आणि कुठे बारीक तडा असेल तर तिथे कट लागतो. थंड झाली की टोकं परत चिकटतात. म्हणून थांबल्यावर चालू होते.

आठआण्याचारिले

एक सोपी गोष्ट कुणी बोललं नाही, पंपाचा किंवा मेन रिले. आतलं सोल्डर तडकलं की गरम झाल्यावर असाच खेळ करतो. फ्युज बॉक्समध्ये त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले असतो, अदलाबदल करून चालवून बघा, खर्च काही नाही.

चावीचाजुडगा

आमच्याकडे इग्निशन स्विचमुळे व्हायचं. चावीला घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या सगळ्या चाव्या लटकवलेल्या, त्या वजनाने आतले कॉन्टॅक्ट झिजले. खड्ड्यात गाडी आदळली की बंद. पण आमच्या वेळी डॅशबोर्डसुद्धा क्षणभर जायचा, तुमचे दिवे राहतात म्हणताय तर ते नसावं. तरी एकटी चावी लावून चालवून बघा, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून चावी जागेवरच किंचित हलवून बघा.

पानापेटी

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, दोन्ही बिनखर्चाचे आहेत, आधी तेच करा. त्यानंतर माझं सांगणं असं की एक ब्लूटूथचा ओबीडी अडॉप्टर घ्या, स्टिअरिंगखाली जो सोळा पिनांचा सॉकेट असतो त्यात बसतो, मोबाइलवर अ‍ॅप टाका आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून रोजच्यासारखी चालवा. कोड बघायला नाही, लाइव्ह डेटा साठवायला. हे स्वस्तातले अडॉप्टर हळू असतात, वीस गोष्टी एकदम मागितल्या तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी येतो आणि नेमका कामाचा क्षण सुटतो. म्हणून पाच-सहाच घ्या: आरपीएम, स्पीड, मॅप म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर, थ्रॉटल, शॉर्ट फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा, आणि ईसीएमचं व्होल्टेज.

आणि एक सवय लावून घ्या. बंद पडली की लगेच सेल्फ मारायची घाई न करता आधी सुरक्षित बाजूला घ्या, चावी ऑन करून पंपाचा आवाज ऐका, मग मोबाइलवर आरपीएम समोर ठेवून सेल्फ मारा. सेल्फवर साधारण १५० ते २५० आरपीएम दिसायला हवेत. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्य, तर अर्धं काम तिथेच झालं.

भरलीटाकी

मध्येच विचारते, माझी बंद पडते ती फक्त पेट्रोल भरल्यावर. पंपावरून निघाले की धरतच नाही, धरली तर रेस दाबून ठेवावी लागते, मग दोन मिनिटांत ठीक. बाकी कधीच त्रास नाही. हेच सेन्सरचं असेल का?

पानापेटी

नाही, तुमचं वेगळं आहे आणि सोपं आहे. टाकीतली वाफ एका कोळशाच्या डब्यात साठते, तिथून पर्ज व्हॉल्व्हमार्गे इंजिन ती चालताना ओढून घेतं. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला की टाकी भरताना डब्यात गेलेली सगळी वाफ चालू करताना एकदम इंजिनात येते आणि मिश्रण जास्त रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. व्हॉल्व्हचा कपलर म्हणजे वायरचा प्लग काढा, मग व्हॉल्व्ह बंद असायला हवा, आणि इंजिन आयडलवर असताना डब्याकडून येणारा पाइप काढून व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. आणि टाकी भरताना नोझल खटकन बंद झालं की तिथेच थांबायचं, काठोकाठ भरायची नाही, नाहीतर डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच जातं.

भरलीटाकी

बोट ओढलं गेलं!! पाइप दाबून धरला तर आयडलही सुधारलं. व्हॉल्व्ह बदलून घेते, खूप आभार.

धूरनाही

डिझेलवाल्यांनी काय बघायचं? माझी कॉमन रेल आहे, रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू होते, जरा चालून बंद पडते, मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो.

मल्टीमीटर

डिझेलमध्ये पहिला संशय हवेचा. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा भाग पंप ओढत असतो, तिथे बारीक गळती असेल तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे जमिनीवर डाग दिसत नाही आणि सगळे फसतात. फिल्टरच्या पुढे थोडा पारदर्शक पाइप लावा आणि चालू इंजिनवर बुडबुडे येतात का बघा. फिल्टरचं सील, प्रायमिंग पंपाचा रबर, पाइपचे क्लॅम्प, याच क्रमाने. फिल्टरच्या तळाचं पाणी कधी काढलंय? स्कॅनरवर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं प्रेशर बघा, आयडलला अडीचशे-तीनशे बारच्या आसपास स्थिर हवं. बंद पडायच्या आधी ते घसरत असेल तर रेल प्रेशर कमी असल्याचा पी ००८७ कोडही येऊ शकतो. क्रँक सेन्सर डिझेललाही असतो, पण रात्रभर उभी राहिल्यावर होणारा त्रास बहुतेक वेळा हवाच असतो.

निळीडिकी

अपडेट देते. रिले बदलून चालवली, एकटी चावी लावून चालवली, फरक नाही, बंद पडलीच. मग अडॉप्टर घेतला आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून एकटीच फिरले. आज सापडलं. उतारावर चौथ्या गिअरमध्ये होते, बंद पडली, रस्ता रिकामा होता म्हणून लगेच क्लच दाबला नाही, गाडी गिअरमध्येच लोटत राहू दिली आणि काट्याकडे बघितलं, काटा खाली पडलेला. ऑइलचा दिवा मात्र लागला नव्हता, तो क्लच दाबल्यावर थोड्या वेळाने लागला. घरी येऊन रेकॉर्डिंग बघितलं ते असं आहे:

स्पीड ५२, आरपीएम १७४०, मॅप ३४, ट्रिम अधिक ३ टक्के, व्होल्टेज १४.१
स्पीड ५१, आरपीएम ०, मॅप ३२, ट्रिम ०, व्होल्टेज १४.०
स्पीड ४८, आरपीएम ०, मॅप ३१, ट्रिम ०, व्होल्टेज १३.९
(इथे क्लच दाबला)
स्पीड ४१, आरपीएम ०, मॅप ९७, ट्रिम ०, व्होल्टेज १२.४

थांबल्यावर सेल्फ मारला तेव्हाही आरपीएम शून्यच. पंपाचा आवाज मात्र चावी ऑन केल्यावर स्पष्ट आला. मला यातलं आरपीएम सोडून फारसं कळत नाही, जाणकारांनी सांगावं.

पानापेटी

ताई, इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. दुसरी आणि तिसरी ओळ बघा सगळ्यांनी. ईसीएम म्हणतोय आरपीएम शून्य, पण मॅप ३२. थांबलेल्या इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेइतकं प्रेशर असतं, म्हणजे शंभर किलोपास्कलच्या जवळपास. ते ३२ राहिलं याचा अर्थ पिस्टन खालीवर होत होते, हवा ओढत होते, कारण चाकं गिअरमधून इंजिन फिरवत होती. क्लच दाबला, इंजिन खरंच थांबलं, मॅप लगेच ९७. ऑइलच्या दिव्याचं तेच, बहुतेक गाड्यांत तो थेट प्रेशर स्विचवर चालतो, इंजिन फिरतंय तोवर ऑइलचं प्रेशर राहिलं. व्होल्टेज १४ राहिलं कारण अल्टरनेटरही फिरत होता.

म्हणजे फिरतं इंजिन ईसीएमला दिसत नव्हतं. पंपाचा प्रश्न असता तर मिश्रण लीन झालं असतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असतं, ट्रिम आधी अधिक १५, अधिक २० असा चढत गेला असता आणि काटा फिरत्या इंजिनबरोबर हळूहळू उतरला असता. ईसीएमची पॉवरच गेली असती तर अडॉप्टरशी बोलणंच तुटलं असतं, या ओळी आल्याच नसत्या. दोष क्रँक सेन्सर, त्याचा कपलर किंवा तिथून ईसीएमपर्यंतची वायर यांच्यातच आहे.

मोकळारस्ता

मान्य. मॅपचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. पण मग कोड का नाही आला? क्रँक सेन्सरचा पी ०३३५ यायला हवा होता ना?

पानापेटी

यायला हवा असं आपल्याला वाटतं. ईसीएमच्या बाजूने बघा, आरपीएम शून्य झाले म्हणजे ड्रायव्हरने गाडी बंद केली किंवा क्लच चुकून बंद पडली, यात त्याला तक्रार करण्यासारखं काही नाही. सिग्नल मेला हे ठरवायला त्याला दुसरा पुरावा लागतो, जसं की कॅमशाफ्टवरच्या कॅम सेन्सरचे पल्स येतायत आणि क्रँकचे नाहीत, तेही ठराविक वेळ. तेवढा वेळ मिळाला नाही तर कोड साठत नाही. कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि उलटंही लक्षात ठेवा, कोड आला तर पुसायच्या आधी फ्रीज फ्रेम लिहून घ्या, कोड कुठल्या आरपीएमला, किती टेम्परेचरला पडला ते त्यात असतं आणि पुसलं की तेही जातं.

आता सेन्सर लगेच बदलू नका, आधी मोजा. वायरी किती आहेत?

निळीडिकी

दोन वायरी. सेन्सर ब्लॉकला गिअरबॉक्सच्या बाजूला खाली आहे, कपलरला हात पोचतो. माझ्या भावाकडे मीटर आहे, तो मोजेल.

मल्टीमीटर

दोन वायरी म्हणजे गुंडाळीवाला असणार, ओहममध्ये मोजता येतो. तीन वायरींचा हॉलवाला असेल तर ओहम मोजण्यात अर्थ नाही, तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघावे लागतात. दोन वायरींच्या बऱ्याच सेन्सरचं रेझिस्टन्स काहीशे ते हजारभर ओहममध्ये असतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. चावी बंद ठेवून, कपलर काढून, थंड असताना मोजा आणि गाडी चांगली तापवून परत मोजा. कुठलीही एक पिन आणि सेन्सरचं लोखंड यांच्यामध्येही मोजा, तिथे काहीच कनेक्शन दिसायला नको. टोकावर लोखंडाचा कीस चिकटलाय का तेही बघा, आत चुंबक असतं.

निळीडिकी

थंड ८६०, गरम १०५०. लोखंडाशी कनेक्शन नाही. टोक थोडं काळं होतं, पुसलं. कीस वगैरे काही नाही. गरम असताना आकडा वाढला म्हणजे सेन्सर खराब ना? भाऊ म्हणतो ऑर्डर करून टाकू.

पानापेटी

थांबा. हा आकडा तर चांगल्या सेन्सरचा आहे. तांब्याचं रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतं, साठ अंश तापला की पाव हिश्शाच्या जवळपास वाढ होणारच, ८६० चे १०५० बरोबर बसतात. गुंडाळीत कट असता तर मीटरने ओएल, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवलं असतं. अर्थात तुम्ही मोजलं त्या वेळी गाडी धरत होती, त्यामुळे सेन्सर शंभर टक्के सुटला असं नाही म्हणणार मी.

आठआण्याचारिले

पण सेन्सर काही फार महागाचा पार्ट नसतो, टाकून बघायला काय हरकत आहे? एवढं मोजत बसण्यापेक्षा.

पानापेटी

हरकत ही की वायरमध्ये दोष असेल तर नवीन सेन्सर बसवताना वायर हलते, कट तात्पुरता जुळतो, गाडी पंधरा दिवस चालते आणि ताईंना वाटतं बरी झाली. मग मुलं मागे बसलेली असताना परत बंद. मला त्या पंधरा दिवसांचीच भीती वाटते.

मल्टीमीटर

सहमत. आता मोजायचं ते सेन्सरच्या टोकाला नाही, ईसीएमच्या टोकाला. बॅटरीची अर्थ काढा, ईसीएमचा कपलर काढा, मॅन्युअलच्या डायग्रॅमवरून क्रँक सेन्सरच्या दोन पिना शोधा आणि सेन्सर जोडलेला ठेवून तिथून ओहम मोजा. म्हणजे सेन्सर, कपलर आणि अख्खी वायर एकाच मोजणीत येते. पिनांमध्ये मीटरची जाड सुई खुपसू नका, पिन रुंदावली की नवा दोष तयार होतो, बारीक तार वापरा. आकडा ८६० च्या आसपास आला की एकाने मीटरवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने सेन्सरपासून सुरुवात करून वीत वीतभर वायर वाकवत, हलवत यायचं. आकडा जिथे उडेल तिथे दोष.

बघायच्या जागा: वायर ब्रॅकेटला किंवा क्लिपला बांधलेली आहे ती जागा, एक्झॉस्टजवळून जाते ती जागा, आणि इंजिनवरून बॉडीवर उडी मारते ती जागा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असतं, बॉडी स्थिर, मधली वायर रोज वाकते. वरचं आवरण धड असतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं, त्यामुळे नुसतं बघून सापडत नाही. संशय आला त्या जागी वायर दोन बोटांत धरून हलकी ताणा. आत तांबं सलग असेल तर ती ताणत नाही. तुटलेलं असेल तर रबरासारखी लांबते.

जाता जाता इंजिनची अर्थिंगही बघून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर अर्थची पट्टी गंजलीय.

धूरनाही

मध्ये लिहितो, पारदर्शक पाइप लावला, बुडबुड्यांची रांगच दिसली. प्रायमिंग पंपाच्या रबराला चीर होती, आता ठीक आहे. मल्टीमीटर भाऊ, आभारी आहे.

निळीडिकी

सापडलं!!!

भाऊ बोनेटखाली आणि मी मीटर घेऊन. अर्थिंग ०.०६, म्हणजे ठीक. ईसीएमच्या टोकाला ८७० दाखवत होतं. सेन्सरचा कपलर हलवला, काही नाही. वर येत येत गिअरबॉक्सवरच्या एका लोखंडी ब्रॅकेटपाशी आला, तिथे हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा प्लास्टिकच्या क्लिपने बांधलेला असायला हवा ती क्लिप तुटलेली, त्यामुळे वायर ब्रॅकेटच्या कडेवर टेकून काटकोनात वाकली होती. त्याने तिथे बोट लावलं आणि आकडा ८७० वरून थेट ओएल. सोडलं की ८७०, दाबलं की ओएल. टेप सोडली, बाहेरून वायरला ओरखडासुद्धा नाही. मग तुम्ही लिहिलं तसं ताणून बघितलं तर दोनपैकी एक वायर तेवढ्याच जागी लांबली, आवरण बारीक झालं, चिरून बघितलं तर आत तांब्याचे धागे हिरवे पडलेले आणि एक-दोनच धागे जेमतेम टेकलेले. दुसरी वायर चांगली आहे.

गरम झाल्यावरच का व्हायचं हेही मला आता समजलं असं वाटतंय, तापल्यावर आवरण मऊ पडत असेल आणि वायर कडेवर जास्त दबत असेल. बरोबर का? आणि आता जोडायची कशी, नुसती पिळून टेप लावली तर चालेल?

पानापेटी

कारण बरोबर वाटतंय. शिवाय इंजिनवर लोड आला की ते माउंटिंगवर थोडं कलतं, तोही ताण तिथेच येत असणार.

नुसती पिळून टेप अजिबात नको, हा सिग्नल सेल्फवर अगदी कमकुवत असतो, खराब जोड त्याला पुरतो. हिरवं पडलेलं तांबं दोन्ही बाजूंनी चकचकीत धागे लागेपर्यंत कापून टाका, कमी पडलं तर तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा घाला. सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिंपने जोडा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. सोल्डर केलं तर जोड वाकणाऱ्या जागी ठेवू नका, सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि पुढे तिथेच तुटते. दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका, या सेन्सरला उलटसुलट फरक पडतो, सिग्नल उलटा झाला तर टायमिंग चुकतं किंवा गाडी धरतच नाही. वायरवर जाळीचं शिल्ड असेल तर ते परत जोडा, पण अर्थ एकाच टोकाला राहू द्या. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या असतील तर तो पीळही तसाच ठेवा, स्पार्कच्या कॉइलची सिग्नलमधली ढवळाढवळ त्यानेच टळते.

आणि मुख्य म्हणजे ती तुटलेली क्लिप. नवीन लावा, वायरला थोडी ढील ठेवा, ब्रॅकेटच्या कडेवर रबरी आवरण चढवा.

निळीडिकी

केलं सगळं. एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून क्रिंप करून घेतलं, क्लिप नवीन, ब्रॅकेटवर रबर चढवलं. त्यानंतर ईसीएमच्या टोकाला परत मोजलं, वायर हवी तशी हलवली तरी आकडा हलत नाही. तापवून, उतारावर, खड्ड्यांतून चालवून बघितली, रेकॉर्डिंग चालू ठेवूनच, आरपीएम एकदाही शून्यावर गेलं नाही. अजून थोडे दिवस एकटीच चालवणार आहे आणि मग मुलांना घेणार. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही, दोघंही पंप आणि ईसीएमचं एस्टिमेट घेऊन बसले होते.

एक छोटी गोष्ट उरलीय. सिग्नलला थांबल्यावर एसी लागला की आरपीएम ५५० पर्यंत पडतं, जरा थरथरते, मग सावरते. बंद नाही पडत. हे आधी नव्हतं.

मल्टीमीटर

थ्रॉटल बॉडी साफ केली आणि बॅटरी बदलली त्यानंतर सुरू झालं असेल. कार्बन साठलेला असताना ईसीएम थ्रॉटल थोडा जास्त उघडा ठेवायला शिकलेला असतो, साफ केल्यावर आणि बॅटरी काढल्यावर त्याला आयडल नव्याने शिकावं लागतं. एसी, लाइट, पंखा सगळं बंद ठेवून गाडी थंड असताना चालू करा, रेसला पाय न लावता रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर राहू द्या, मग एसी लावून तसंच पाच-दहा मिनिटं. काही गाड्यांत हे स्कॅनरमधून करावं लागतं, मॅन्युअलमध्ये आयडल लर्निंग नावाने पद्धत दिलेली असते. एवढं करूनही पडत राहिलं तर शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज आयडलला किती येते ते लिहा, अधिक १० च्या वर असेल तर कुठूनतरी हवा ओढतेय, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट साफ करताना हललं का ते आधी बघू.

निळीडिकी

आयडलवर ठेवून केलं, आता एसी लावल्यावर ७०० च्या खाली जात नाही. ट्रिमची बेरीज अधिक ४ येते.

मल्टीमीटर

मग गॅस्केटला हात लावू नका, ठीक आहे ते.